दिंडीतले शुगरवाले आणि त्यांचे पाय – प्रकल्प नोंदी

२७ एप्रिल २०२५, रविवार

वारीच्या आधी आमच्या मेडिकलमध्ये एक वेगळाच सीझन असतो. ओआरएस, पट्ट्या, मलम, गुडघ्याचं तेल, आणि शुगर-बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या एकदम. "ताई, माउलीला चाललोय, सगळं बांधून द्या." गाव खटाव तालुक्यातलं, दिंडी माउलींच्या सोहळ्यात चालते, आळंदीपर्यंत ट्रकने आणि तिथून पंढरपूर पायी, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दुकान मी आणि माझा भाऊ बघतो, डी.फार्म मी आहे, त्यामुळे कोणाला कसली गोळी चालू आहे हे मला पाठ आहे. पण ज्या पायांवर ही माणसं एवढं चालणार ते पाय कोणीच बघत नाही. गेल्या वर्षी वारीहून आलेले एक आजोबा काउंटरला मलम मागायला आले, मोज्यातून वास येत होता, आणि वर म्हणतात, "दुखत नाय ओ अजिबात." अंगठा काढावा लागला त्यांचा.

तर यंदा ठरवलंय. दिंडीतल्या शुगरवाल्यांचे पाय जायच्या आधी बघायचे, वाटेत रोज बघायला लावायचे, आणि उपास + गोळ्या + चालणं याचं काहीतरी नीट करायचं. गावातल्या डॉक्टरांना विचारलं, ते हो म्हणाले, पण "लिहून ठेव सगळं" म्हणाले, म्हणून ही वही.

४ मे

मारुतीच्या देवळात ग्लुकोमीटर घेऊन बसलो, दिंडीचे जवळजवळ सगळे आले. ज्यांना माहितीये त्यांची यादी होतीच, प्रश्न होता ज्यांना माहितीच नाही त्यांचा. एक काका, अंगावर मांस नाही, पहाटेपासून रानात असतात, म्हणाले मला कशाला टोचताय, मी काय गादीवर बसणारा शेठ आहे का. जेवून दोन तास झालेले, रीडिंग २६४. गप्पच बसले मग.

हे आमच्याकडे लोकांना पटतच नाही. बारीक माणसाला शुगर कशी असेल. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा तो प्रसिद्ध फोटो मी मोबाईलवर दाखवला, ते आणि त्यांचे इंग्लंडचे मित्र डॉ. युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एकच २२.३, पण चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वरून बारीक, आतून चरबी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांचं काम चालू आहे, आपल्याकडची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडातली साडेतीन किलोची, पण आपल्या बारक्या बाळाच्या अंगात कमी असतात ते स्नायू, चरबी तेवढी राखलेली असते. म्हणजे दुष्काळातल्या आईच्या पोटापासूनच हे सुरू होतं. माण-खटावच्या माणसाला दुष्काळ सांगायला लागत नाही, हा मुद्दा लगेच कळला सगळ्यांना.

बोटातल्या थेंबावर निदान होत नाही हे मात्र प्रत्येकाला सांगितलं. जास्त आलेत त्यांना उपाशीपोटी लॅबला पाठवलंय, उपाशी १२६ किंवा वर, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी (HbA1c ला आमच्याकडे सगळे तीन महिन्यांचीच म्हणतात) ६.५ किंवा वर, आणि त्रास काही नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, दुसऱ्यांदा बघायचं.

११ मे

आज पाय. हा दिवस जरा सविस्तर लिहिते.

खरं उपकरण म्हणजे मोनोफिलामेंट, नायलॉनचा तार असतो, तळव्याला टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमच्या जोराला वाकतो, आणि तेवढा स्पर्श ज्याला कळत नाही त्याच्या पायाचं राखण गेलं असं समजायचं. डॉक्टरांकडे एकच आहे, आणि तो एका दमात दहाएक जणांना वापरला की त्याचा जोर ढिला पडतो, एक दिवस विश्रांती द्यावी लागते. दिंडीतल्या पोरांना रोज वापरायला तो उपयोगाचा नाही.

म्हणून इप्सविच टच टेस्ट. इंग्लंडच्या इप्सविच गावातल्या डॉक्टरांनी काढलेली, खर्च शून्य. समोरच्याने डोळे मिटायचे, आपण आपलं अंगठ्याशेजारचं बोट त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवायचं, एक-दोन सेकंद, बास. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, म्हणजे सहा जागा. त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, कळलं नाही तर पुन्हा करून बघायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त चुकले तर पाय बधिर धरायचे.

सोपं वाटतं ना, पण वारकऱ्याच्या पायाला हात लावून बघा! आपण वाकलो की तोही वाकतो, "माउली माउली" करत आपल्याच पायाला हात. डोळे मिटून बसा म्हणलं की हात जोडून ध्यान लावतात आणि उजवा-डावा राहतं बाजूला. शेवटी विणेकरी बुवांनी आवाज दिला की नमस्कार शेवटी एकदाच करायचे, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

सगळ्यात जास्त तक्रार करणाऱ्या काकू होत्या, पायाची आग होते, मुंग्या येतात, रात्री पाय चादरीबाहेर काढून झोपावं लागतं. त्यांना सहाच्या सहा जागा कळल्या. आणि शेजारी आण्णा, तक्रार एक नाही, "माझे पाय एक नंबर", त्यांना सहापैकी चार जागा कळल्या नाहीत. विचारलं, चालताना चप्पल पायातून निसटते का? तर त्यांच्या घरच्या आक्काच मागून म्हणाल्या, "दोन येळा रस्त्यात इसरून आलेत, एक पाय मोकळा घिऊन घरापर्यंत." आग होते म्हणजे नसा कुरकुरतायत, त्रास आहेच, इलाज करायला पाहिजे, पण ती नस अजून बोलतेय. गप्प झालेल्या पायाला काटा लागो, चटका बसो, मालकाला खबर जात नाही.

काकूंचं एक वेगळं निघालं. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) बारा-तेरा वर्षं चालू आहे, आणि ती गोळी बरीच वर्षं घेतली की अंगातलं बी-१२ कमी होऊ शकतं, त्यानेही मुंग्या येतात. खाणं पूर्ण शाकाहारी, माळकरी घर. डॉक्टरांनी बी-१२ तपासायला लिहून दिलंय.

१५ मे

कॉर्न कॅप मागायला आज दोघं आले, कुरूप काढायला. दिली नाही. त्या गोल पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, कातडी जाळतं, बधिर पायाला कुरपापाशी न थांबता आजूबाजूची चांगली कातडीही जाते आणि कळत नाही. ब्लेडने कापायचं पण नाही. एक जण चिडून दुसऱ्या मेडिकलला गेला. जाऊ दे, दिंडीतला नव्हता तो... असं लिहिलं आणि वाटलं की त्यालाही पाय आहेतच की. भावाला सांगून ठेवलंय, दिसला तर परत बोलव.

२० मे

डॉक्टरांनी आज दुपारची ओपीडी संपल्यावर वेळ दिला, गोळ्यांवर बसलो. अवघड जागा ही आहे की पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा. म्हणजे सगळ्यात लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट, आणि उपास. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड (आमच्याकडे निम्म्या गावाला मेटफॉर्मिनमध्ये मिसळलेली हीच गोळी असते) आणि इन्सुलिन, हे दोन्ही माणूस जेवलाय की नाही विचारत नाहीत, साखर खाली ओढतच राहतात. वरून चालण्याने साखर अजून खाली. त्यामुळे एकादशीचा आणि रोजच्या चालीचा डोस डॉक्टरांनी प्रत्येकाच्या कागदावर वेगळा लिहून दिला. आकडे मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कोणीतरी वाचून आपलाच डोस बदलेल.

डापाग्लिफ्लोझिन दोन-तीन जणांना आहे, २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून स्वस्त झाली आणि खेड्यात पोचली. ती साखर लघवीवाटे काढते, सोबत पाणीही जातं. उपास, उन्हातली चाल, त्यात उलट्या-जुलाब लागले तर अंगात आम्ल साठून माणूस गंभीर होऊ शकतो, आणि गंमत म्हणजे मीटरवर साखर फार दिसणार पण नाही. त्यांना लाल पेनने वेगळं लिहून दिलं.

इन्सुलिनवाले दोघं. चालू बाटली साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी टिकते, फ्रीजच पाहिजे असं नाही, पण ट्रकच्या काचेमागे ठेवली की गेली. आणि बर्फाला चिकटवून ठेवली तरी गेली, गोठलेलं इन्सुलिन वाया. ट्रकमध्ये बारकं मडकं, भोवती ओलं फडकं, आत डबा. सुई मांडीला नको, पोटाला, कारण चालताना मांडीतून औषध भराभर ओढलं जातं.

"दीक्षितांचं दोन वेळचं जेवण वारीत चालंल का" असं एकाने विचारलंच. दिवसभर चालायचं आणि ग्लिमेपिराइड चालू. डॉक्टर म्हणाले घरी आल्यावर बोलू, वारीत नको.

२७ मे

यंदा काय पाऊस आहे! मे संपला नाही आणि मान्सून मुंबई-पुण्यात. आम्ही सगळी तयारी तापलेल्या डांबराची केलेली, आता चिखल. म्हणजे चिखल्या, बोटांच्या बेचक्यात पांढरं पडून कातडी फाटते आणि तिथून जंतू आत. खोबरेल, व्हॅसलीन टाचेच्या भेगांना लावा, बेचक्यात अजिबात नको, बेचकं कोरडं पाहिजे. जुन्या सुती धोतराच्या चिंध्या फाडून प्रत्येकाला दिल्यात, बोटांच्या मधून पुसायला.

चपलांचं काम रखडलंय. बधिर पायाला अंगठ्याची चप्पल नको, कोल्हापुरी तर नकोच, करकरीत कातडं आणि अंगठा घासणार. स्लिपरचा पट्टा बेचक्यात. पाहिजे मागून पट्टा असलेली, आत मऊ एमसीआर रबर (बारीक छिद्रांचं), वर वेलक्रो. साताऱ्याला एक कारागीर आहेत, ते पायाचा कागदावर ठसा घेऊन बनवून देतात, पहिला नमुना छान झाला. पण आण्णांनी बघितल्याबरोबर हात मागे घेतला. "ही महारोग्याची चप्पल हाय." त्यांचं पण खोटं नाही, ही चप्पल आपल्याकडे आली ती कुष्ठरोग्यांसाठीच, तिथेही रोग नस मारतो आणि पाय बधिर होतो, मग जखमा. इलाज एकच असणार ना. पण हे सांगून उपयोग झाला नाही. कारागिरांनीच मार्ग काढला, वरचा पट्टा तपकिरी चामड्यासारखा, बाजूला वेणी, रबर आतल्या आत. लांबून साधी चप्पल. आता सगळे मागतायत, शुगर नसलेले पण. पुढचे तीन आठवडे घरात थोडं थोडं घालून सवय करायची, पहिल्या दिवशी तासभर, मग काढून पाय बघायचा. नवी चप्पल थेट आळंदीला काढायची नाही.

३ जून

अनवाणीवाल्यांशी बोलायचं टाळत होते, आज बोलले.

मावशींचा नातवासाठी नवस आहे, अनवाणी. त्यांचे पाय तपासले तर सहाही जागा कळतात, पावलावरची नाडी बोटाला टणटणीत लागते, तंबाखू-मिश्री काही नाही. डॉक्टर म्हणाले चालू दे, रोज बघा म्हणजे झालं, हट्ट नको. नानांचं उलटं, पाय बधिर, नाडी लागता लागेना, तीस वर्षं बिडी, आणि पंचवीस वर्षं अनवाणी वारी. ते म्हणाले चप्पल घालून पंढरपूरला जायचं तर घरीच बसतो. पुढे काय बोलायचं मला सुचेना. विणेकरी बुवांकडे गेलो. बुवांनी ऐकून घेतलं आणि नानांच्या थोरल्याला हाक मारली, म्हणाले बापाचा नेम यंदा तू चालव. पोरगा पुण्यात आयटीत, सुट्टी काढून येतोय. आधी हसला, मग हो म्हणाला. नाना रिंगणाला आणि पालखीच्या दर्शनाला अनवाणी राहणार, बाकी चप्पल. बघू टिकतंय का.

१२ जून

पिशव्या भरल्या. पांढरे सुती मोजे (पांढरेच, रक्त-पाणी लागलं तर लगेच दिसतं, आणि उलटे घालायचे, म्हणजे शिवण बोटाला घासत नाही), हाताचा आरसा, चिंध्या, साखरेच्या पुड्या, डोसचा कागद प्लॅस्टिकमध्ये. पिशवी गळ्यात, ट्रकात टाकायची नाही. ग्लुकोमीटर चार, पोरांकडे.

जोड्या लावल्या. एका राहुटीतले दोघं दोघं, मुक्कामाला समाज आरती झाली की जेवायच्या आधी एकमेकांचे तळवे बघायचे, फोटो ग्रुपवर टाकायचा. ग्रुपचं नाव पोरांनी "चरणरज" ठेवलंय.

१९ जून

प्रस्थान. मी दुकानात, फोटोंवर समाधान. पहिल्याच दिवशी जमले ते सगळे पाय चिखलाने काळे, काही दिसत नाही, धुवून टाका रे म्हणून लिहिलं.

२२ जून, ज्येष्ठ वद्य एकादशी

आज गेले होते. पहाटे पुणे, हडपसरपासून चालले दिंडीबरोबर.

दोन्ही बाजूंनी उपासाचं वाटप, साबुदाणा, भगर, बटाट्याचे वेफर्स, केळी, राजगिरा लाडू, आणि गोड चहा तर पावलापावलाला. लोक प्रेमाने देतात, नाही म्हणवत नाही. माझी भीती होती साखर वर जाण्याची, तसं झालंही, एका काकांचं साबुदाण्यानंतर ३१० आलं. पण खरा प्रसंग उलटा होता. घाट अर्धा चढल्यावर आबा, इतका वेळ टाळ वाजवणारे, एकदम शेजारच्यावर खेकसायला लागले. मग टाळ खाली, नजर कुठेतरी लागलेली. लोक म्हणाले रंगलेत, भान हरपलंय. मी हात धरला तर पाऊस नसताना सदरा ओला आणि अंग गार. मीटरवर ५२.

तीन चमचे साखर पाण्यात, प्यायला येत होतं म्हणून बरं, शुद्ध नसती तर तोंडात काही घालायचं नसतं. पंधरा मिनिटांनी ६६, परत साखर, मग ९४. त्यानंतर लाडू आणि केळं. सकाळी पूर्ण गोळी घेतली होती, पोटात चहा आणि एक केळं. कागद गळ्यातल्या पिशवीत होताच. "एकादशीला गोळी कशी मोडायची" म्हणाले. उपास गोळीचा नाही ओ, म्हणलं, तर स्वतःच हसले. ग्लिमेपिराइडची साखर एकदा खाली गेली की काही तासांनी परत खाली जाऊ शकते, म्हणून सासवडपर्यंत त्यांना ट्रकात बसवलं आणि रात्री झोपायच्या आधी, मग मध्यरात्री परत तपासलं.

आजपासून नियम. शुगरवाला माणूस विनाकारण चिडला, बरळला, घामेजला, तर मीटर. मीटर जवळ नसेल तर आधी साखर, मग चौकशी.

२५ जून

वाल्ह्याहून फोटो. रस्त्यात कोणीतरी फुकट बूट वाटत होतं, आमच्या एका तात्यांनी जुनी चप्पल सोडून ते घातले आणि दिवसभर चालले. करंगळीला फोड. फोडायचा नाही, झाकायचा, बूट परत द्या किंवा पिशवीत ठेवा. जोडीदाराने बघितला म्हणून कळलं, तात्यांना पत्ता नव्हता.

पाय चोळून द्यायला ठिकठिकाणी मंडळी बसतात, फार मोठी सेवा आहे ती, पण गरम पाण्याच्या टबात पाय बुडवायला सांगतात तिथे आमची माणसं थांबवा म्हणून लिहिलं. बधिर पायाला पाणी किती कढत आहे कळत नाही. धुवायचंय तर दुसऱ्याने कोपर घालून बघितलेल्या कोमट पाण्यात, भिजवत बसायचं नाही.

२७ जून, तरडगाव

पालखी आता आपल्या जिल्ह्यात, म्हणून दुकान भावावर टाकून आले. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, नानांनी चप्पल काढून हातात घेतली आणि नंतर घातली, हे मी स्वतः बघितलं.

संध्याकाळी पाय बघताना आण्णांच्या उजव्या मोज्याला तळव्याकडे तांबूस डाग. मोजा काढला, चवड्याखाली बारकं भोक, कडेला सूज. चिमट्याने बाभळीचा काटा निघाला, नखाएवढा. चप्पल तर जाड रबराची, आत गेला कसा? विचारता विचारता निघालं की पहाटे परसाकडे जाताना जुनी झिजलेली स्लिपर घालतात, "दोन मिंटाचं काम". काटा पहाटेचा. दिवसभर त्याच्यावर चालले, रिंगणात उड्यासुद्धा मारल्या.

पालखीच्या वाटेवर आरोग्य पथकं असतात, तिथे नेलं, जखम धुवून ड्रेसिंग, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. साखर २८०. पथकातल्या डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, या पायावर वजन नको, गोळ्या कितीही दिल्या आणि हे चालत राहिले तर भरणार नाही.

मग रडारड. आण्णा म्हणे ट्रकात बसलो म्हणजे वारी मोडली. आक्का समजावतायत, मुलगा फोनवर ओरडतोय, मी चार वेळा तेच सांगतेय. विणेकरी बुवा जेवून हात धुवून आले, म्हणाले, "ट्रकात तांदूळ जातो, राहुटी जाते, त्यांची काय वारी मोडती काय? चढा." चढले. फलटणला ड्रेसिंग बदलायचंय, जखमेभोवती पेनने लालीची रेघ मारून ठेवलीये, लाली रेघेबाहेर गेली, ताप आला किंवा वास आला तर थेट मोठं हॉस्पिटल, दर्शनाची वाट बघायची नाही.

१ जुलै

लाली रेघेच्या आतच. नानांच्या थोरल्याच्या पायाला मात्र फोडच फोड, आयटीतले पाय ते. शुगर नाही त्याला, दुखतंय म्हणून दिवसभर ओरडतोय, चांगलंय.

६ जुलै

आषाढी एकादशी. सगळे पोचले. आण्णा व्हीलचेअरवर, कळसाचं दर्शन घेतलं. आबांनी आज गोळी कागदाप्रमाणे घेतली, तसा फोटो पाठवला, गोळीचा.

१३ जुलै

परत आलेल्यांचे पाय देवळात बघितले. मावशींच्या टाचांना भेगा, बाकी काही नाही. चिखल्या बऱ्याच जणांना. नाना ठीक, चप्पल झिजली. तात्यांचा फोड सुकला.

नवीन डोकेदुखी वेगळीच. वारीत रोज चालून बऱ्याच जणांची उपाशी साखर १८०-९० वरून १२०-३० वर आलेली, पोरांच्या वहीत आकडे आहेत. त्यामुळे आता दोघा-तिघांनी गोळ्याच बंद केल्यात, "माउलीनं शुगर नेली." मी काय बोलू? चाललं की स्नायू साखर ओढून घेतात आणि तो गुण दोन-तीन दिवस राहतो, मग चालणं थांबलं की साखर परत जागेवर. बंद केलेल्यांची परवा परत तपासायचीये.

१६ जुलै

१९४, २०८. गोळ्या परत चालू. एक जण अजून म्हणतोय तुमचं मशीन बिघडलंय, त्याला लॅबला पाठवलं.

३ ऑगस्ट

आण्णांची तीन महिन्यांची सरासरी ९.८. जखम अजून भरलेली नाही पण काठाने गुलाबी येतेय, खोली कमी झालीये. पायावर वजन येऊ नये म्हणून वॉकर दिलाय, तो ते अंगणात तुळशीपाशी ठेवून विसरतात आणि चालत आत येतात. आक्कांना सांगितलंय. इन्सुलिन सुरू केलं डॉक्टरांनी, जखम भरेपर्यंत तरी.

जेवण झाल्यावर देवळापर्यंत जाऊन यायचं असं ठरवलंय, पंधरा मिनिटं, दोन्ही वेळा. पावसाने चार दिवस मोडलं, पण सहा-सात जण चिवट आहेत. जेवणात फार काही बदलायला लावलं नाही, भाताचा ढीग कमी, आमटी-उसळ जास्त, आणि चहातली साखर. चहातली साखर हीच खरी लढाई आहे आमच्या गावात, पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला तर घरच्यांची इज्जत जाते.

१७ ऑगस्ट

तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं, दिंडीतले शुगरवाले जीपने नेले. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासला. काकांना (तेच, शेठ नसलेले) दोन्ही डोळ्यांत पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले. दिसायला त्यांना काही फरक नव्हता, चष्म्याशिवाय पंचांग वाचतात. शुगर कळून त्यांना तीन महिने झाले, पण अंगात ती कित्येक वर्षं असणार. लेसर लागेल का ते मोठ्या डॉक्टरांकडे ठरेल, पुढच्या आठवड्यात साताऱ्याला नेतोय. लघवीतल्या प्रोटीनची तपासणी पण सगळ्यांची लावलीये, किडनीचं पण असंच, शेवटपर्यंत काही दुखत नाही.

३१ ऑगस्ट

आण्णांची जखम बंद झाली. वर कातडी नवीन आहे, पातळ, म्हणून चप्पल नव्या ठशाची करायला दिलीये, चवड्याखाली जिथे काटा लागला तिथे रबरात खळगा ठेवून. एकदा जखम झालेल्या पायाला परत होण्याची शक्यता खूप जास्त असते, म्हणून त्यांना दर महिन्याला बोलवायचं, बाकीच्यांना तीन-सहा महिन्यांनी. स्लिपरी आक्कांनी चुलीत घातल्या.

शेजारच्या दोन गावांच्या दिंड्यांनी विचारलंय, पुढच्या आषाढीला आमच्याही माणसांचे पाय बघाल का. पोरांना टच टेस्ट येतेच, शिकवतील ते. चपलांचे पैसे कुठून आणायचे ते बघावं लागेल, कारागिरांना यंदाचेच अर्धे देणं बाकी आहे. कार्तिकीला आण्णा जायचं म्हणतायत, एसटीने. पहाटेच्या चपलेचं काय ते आधी ठरवा म्हणलंय.